गार झाल्यावर

टेंबलाईच्या चढावर सौ. बुगटे अर्ध्या क्लचवर थांबल्या होत्या
हँडब्रेक सोडायचं धाडस गोळा करत,
आणि मी नेहमीसारखी म्हणत होते, सावकाश, घाई नाही,
पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर अधांतरी,
तेव्हा काटा लाल रेघेला टेकला.
त्यांना दिसला नाही.
मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला,
मे महिन्यात.
मॅडम, माझं काही चुकलं का?

तीन आठवडे मी पाणी ओततेय.
डिकीत पाच बाटल्या,
पहिल्या बॅचआधी एक, दुपारी अर्धी,
आणि गाडीखाली थेंब म्हणून नाही.
दीर म्हणाले, थर्मोस्टॅट काढून फेका.
पंपावरचा मुलगा म्हणाला, हेड गॅस्केट, पंचवीस हजार,
आणि मान हलवली, नाडी बघितल्यासारखी.
पंचवीस हजार म्हणजे सहा शिकाऊ, लायसन्ससकट.

उद्यमनगरात बाबालाल नदाफांनी बॉनेटला हात लावायच्या आधी
बिडी विझवली आणि विचारलं,
कधी तापती? चढाला का सिग्नलला?
दोन्हीला.
धूर पांढरा?
नाही.
ऑइलचं झाकण फिरवून आतून बोट पुसलं. काळं.
"साय न्हाई धरलेली. हेड शाबूत हाय तुमचं."
माझ्या पायाखालची चटई उचलून तळहात टेकवला. कोरडी.
मग रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकून
पाव वळसा, थांबले,
तिला सुस्कारा सोडू दिला,
आत डोकावले. विटकरी.
"नळाचं पाणी? बाई, आंघोळ घालताय का हिला?"

हातपंप बसवला, काटा पंधरावर नेला,
आणि आम्ही काट्याकडं बघत बसलो.
शेजारच्या लेथवर कुणीतरी पितळ सोलत होतं.
चहा आला. चहा गार झाला.
पंधरा.
तौसिफ, त्यांचा पोरगा, टॉर्च घेऊन खाली शिरला,
नळी न् नळी हुंगून आला.
काय न्हाई, अब्बा.
"गरम हाय तवर सगळंच घट्ट बसतंय.
रातभर सोडा हितं."
आणि खालचा पत्रा काढून भिंतीला टेकवला.

रिक्षानं घरी आले.
प्रत्येक वळणावर माझा पाय रिकामी फरशी दाबत होता.
साडेदहाला सौ. बुगटेंचा फोन,
मॅडम, माझ्यामुळंच बिघडली ना?
नाही हो, म्हणाले,
आणि मग, का कोण जाणे, म्हणाले,
त्या दिवशी मीच घाबरले होते.
पलीकडं जरा वेळ कोणी बोललं नाही.
मग त्या हसल्या. मग मीही.

सकाळी सातला गाडीखाली पेपर अंथरलेला,
गुळाच्या सौद्यांचं पान,
आणि भावांच्या रकान्यात एक विटकरी डाग,
कडेनं सुकत आलेला.
दुसरा थेंब आमच्यासमोर पडला.

बाबालालनी न बघताच हात वर घातला,
हीटरच्या नळीला, मागं, जिथं कुणी बघत नाही.
"ही क्लिप. रातीला लोखंड आकसतंय,
रबर म्हातारं, त्याला मागं येता येत न्हाई.
तेवढ्याच फटीतनं.
थेंब पडतोय पत्र्यावर, सकाळी तुम्ही चालू केलीसा की वाफ.
कुणाला दिसणार?"

क्लिप चाळीस रुपये. नळी दीडशे. कूलंट वेगळं.
मजुरी त्यांनी सांगितली नाही, मी दोनदा विचारली.
"त्यापरीस ह्याला गाडी शिकवा.
इंजिन खोलतंय डोळं झाकून,
टेस्टला दोनदा नापास, बेणं."
तौसिफ स्पॅनर पुसत राहिला,
तोच तो स्पॅनर, बराच वेळ.

गुरुवारी, टेंबलाईचा चढ.
अर्धा क्लच, कपाळावर घाम, मागं ट्रॅक्टर हॉर्न देतोय.
मी सावकाश म्हणणार, तेवढ्यात त्यानं कान टवकारले.
मॅडम, फॅन लागला.
काटा मध्यावर.
आता बंद होईल बघा, तो म्हणाला,
आणि त्याची वाट बघताना
हँडब्रेक सोडला.